पेटी कशी घ्यावी आणि का उघडू नये

ही मार्गदर्शिका नवशिक्यांसाठी आहे. एखादी जपानी अ‍ॅनिमे मालिका ज्याने महिन्याची वर्गणी भरून फोनवर पाहिली, जो ती अजूनही हवी तेव्हा पाहू शकतो, आणि तरीही तीच मालिका जाड पुठ्ठ्याच्या पेटीत, ब्लू-रेवर, मर्यादित आवृत्तीत आपल्या घरी असावी असे ज्याला रात्री दीडच्या सुमारास वाटू लागले आहे, तो नवशिका. ज्याला असे काही होत नाही त्याची प्रकृती उत्तम आहे. त्याने खुशाल पान उलटावे.

धडा पहिला : भावाशी ओळख

आपल्याकडच्या माणसाला डिस्कच्या भावाबद्दल काही जुन्या समजुती असतात. २००७ साली मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना बाजारात आणली होती. टीव्हीखालच्या कप्प्यात त्या पातळ पाकिटातल्या डिस्क अजून पडून असतील तर त्यांच्याकडे पाठ करून बसावे आणि मग पुढचे वाचावे.

जपानमध्ये ब्लू-रेच्या एका खंडाला साधारण सहा ते आठ हजार येन पडतात. त्यात मालिकेचे भाग किती? दोन. बारा भागांच्या मालिकेचे सहा खंड होतात आणि ते महिन्याला एक या बेताने निघतात. सगळा संच चाळीस हजार येनांच्या आसपास जातो. त्याचे रुपये करून, वर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळवून, त्या बेरजेला भागांच्या संख्येने भागायचा मोह होईल. ती शेवटची पायरी करू नये. पुष्कळ होतकरू संग्राहक याच भागाकारात गारद झाले आहेत.

हा भाव निव्वळ लुटीतून आलेला नाही, हे कंपन्यांच्या बाजूने सांगायला हवे. डिसेंबर १९८३ मध्ये बंदाईने ‘दालोस’ विक्रीला काढली. टीव्हीवर नाही, थिएटरात नाही, थेट कॅसेटवर आलेली ही पहिली अ‍ॅनिमे. दिग्दर्शक मामोरू ओशी. थोडेच पण वेडे गिऱ्हाईक असेल तर त्याच्याकडून जास्त पैसे घेऊन काम चालवता येते, हा शोध तेव्हा लागला. पुढे नव्वदच्या दशकात ‘इव्हँजेलियन’ गाजल्यानंतर मध्यरात्रीच्या अ‍ॅनिमेचे पेव फुटले. प्रकाशक, रेकॉर्ड कंपनी, खेळणीवाले अशी चार-सहा मंडळी मिळून निर्मिती समिती काढतात आणि पहाटेकडे झुकलेल्या वेळेतला टीव्हीवरचा अर्धा तास चक्क पैसे मोजून विकत घेतात. म्हणजे रात्री दीडला लागणारी मालिका ही खरे पाहता जाहिरात. माल पुढे डिस्कवर मिळतो. आपण ज्याला कार्यक्रम समजून डोळ्यांत तेल घालून बघत होतो ते दुकानाच्या काचेतले प्रदर्शन होते.

त्यामुळे जपानी चाहत्यांना खपाच्या आकड्यांचा नाद लागला. ‘गाकुएन युतोपिया मानाबी स्ट्रेट!’ ही युफोटेबल स्टुडिओची २००७ ची मालिका. तिच्या खंडांचा सरासरी खप २,८९९ प्रती. हा आकडा ओलांडला तर मालिका तरली, नाहीतर बुडाली, असे चाहत्यांनी परस्पर ठरवून टाकले आणि त्याला ‘मानाबी रेषा’ असे नाव दिले. हिशेबाच्या दृष्टीने या रेषेला काडीचा आधार नाही. प्रत्येक मालिकेचा खर्च वेगळा, हक्कांची वाटणी वेगळी. पण ओरिकॉन या कंपनीची खपाची साप्ताहिक यादी निघाली की लोक ती निवडणुकीच्या निकालासारखी वाचत. पेटी घेणे म्हणजे दुसऱ्या सीझनला मत देणे. मताची किंमत सात हजार येन, आणि एकाने कितीही मते द्यावीत, आयोगाची हरकत नाही.

धडा दुसरा : योग्य आवृत्ती ओळखणे

दुकानात एकाच खंडाच्या दोन आवृत्त्या असतात, साधी आणि पहिल्या छपाईपुरती मर्यादित. साधी कोण घेतो हे कोणालाच ठाऊक नाही. मर्यादित आवृत्तीत डिस्कखेरीज पुस्तिका, पात्रांनी गायलेल्या गाण्यांची सीडी, नुसते ऐकायचे नाटक, पोस्टकार्डे आणि नव्याने काढलेल्या चित्राचे बाहेरचे खोके एवढा ऐवज येतो. खोक्याच्या कण्याला कागदाची एक अरुंद पट्टी गुंडाळलेली असते, तिला ओबी म्हणतात. तिच्यावर किंमत आणि जाहिरात छापलेली असते. ती काढून कचऱ्यात टाकणाऱ्याला या क्षेत्रात क्षमा नाही.

आता दुकाने. अ‍ॅनिमेट, गेमर्स, तोरानोआना, अ‍ॅमेझॉनची जपानी शाखा, प्रत्येकाची भेटवस्तू निराळी. एकाकडे भिंतीवर टांगायचे कापडी चित्र, दुसऱ्याकडे प्लॅस्टिकची फाइल, तिसऱ्याकडे अ‍ॅक्रिलिकचा उभा तुकडा. शिवाय सगळे खंड एकाच दुकानातून घेतले तर शेवटी ते सगळे ठेवायला आणखी एक खोके मिळते. खोकी ठेवायचे खोके. इथे नवशिका गोंधळतो, म्हणून नियम सांगतो. पुस्तिकेत स्टोरीबोर्ड आणि दिग्दर्शकाची मुलाखत असेल तर ती आवृत्ती घ्यावी. तो कागद खरोखर वाचण्यालायक असतो. अ‍ॅक्रिलिकचे तुकडे मात्र टाळावेत. त्यांच्यावर धूळ बसते आणि पुसायला गेले की चरे पडतात. हे माझे वैयक्तिक मत आहे आणि टोकियोच्या अकिहाबारा बाजारातला एकही माणूस त्याच्याशी सहमत होणार नाही.

किती प्रती घ्याव्यात? जपानी ओटाकू, म्हणजे कट्टर चाहते मंडळींत याचे उत्तर कधीचे ठरले आहे. एक बघायला, एक जपून ठेवायला, एक दुसऱ्याला नादी लावायला. नवशिक्याने मधल्या प्रतीपासून सुरुवात करावी.

पहिल्या खंडात बहुतेकदा एक कागदाचा तुकडा असतो, ज्याच्या जोरावर आवाज देणाऱ्या कलाकारांच्या कार्यक्रमाचे तिकीट मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. तिकीट नव्हे, अर्ज. पुढे सोडत. नशीब जोरावर हवे असेल तर अर्ज अनेक हवेत, म्हणजे खंडही अनेक हवेत, हे सुज्ञास सांगणे न लगे. याहून मोठी करामत ‘उमा मुसुमे’ने केली. शर्यतीच्या घोड्यांना मुलींच्या रूपात आणणारी ही मालिका. २०२१ मध्ये तिच्याच नावाचा मोबाइल गेम आला आणि दुसऱ्या सीझनच्या ब्लू-रेत त्या गेमसाठीचा कोड घातला. खपाचे जुने आकडे धुळीला मिळाले. त्यांतल्या किती डिस्क प्लेअरमध्ये गेल्या, हे विचारणे शिष्टाचाराला धरून नाही.

उलट उदाहरणही आहे. २०१७ सालची ‘केमोनो फ्रेंड्स’ ही बेताच्या खर्चाची मालिका डिस्क म्हणून विकलीच नाही. तिचे मार्गदर्शक पुस्तक काढले, ब्लू-रे त्या पुस्तकाला जोडली आणि पुस्तकांच्या दुकानांत ठेवली; भाव नेहमीच्या जवळपास निम्मा. पुस्तके संपली, छापली, पुन्हा संपली. कंपन्यांनी यावरून धडा घेऊन भाव उतरवले असतील, असे वाटत असेल तर तुम्ही खरोखरच नवशिके आहात.

धडा तिसरा : आत काय असते

सामान्य समज असा की टीव्हीवर दिसले तेच डिस्कवर असते. तसे नाही. टीव्हीवर न्हाणीघराच्या प्रसंगात वाफेचे एवढे ढग असतात की पात्राला साबण सापडतो कसा याचे आश्चर्य वाटावे. डिस्कवर तीच वाफ विरळ होते. गिऱ्हाईक वाफ नसण्याचे पैसे मोजते. हा प्रकार मला कायम हास्यास्पद वाटत आला आहे. पण दुरुस्तीचा खरा मान २००९ च्या ‘बाकेमोनोगातारी’ला. शाफ्ट स्टुडिओचे काम वेळेत होईना. प्रक्षेपणात काही ठिकाणी चित्राऐवजी नुसत्या अक्षरांच्या रंगीत पाट्या झळकल्या आणि शेवटचे तीन भाग टीव्हीवर न येता मागाहून इंटरनेटवर सावकाश आले. डिस्कवर चित्रे पुरी झाली. वर त्या डिस्कवर एक समांतर निरूपण आहे, ज्यात दिग्दर्शक वगैरे बोलत नाहीत, मालिकेतली पात्रेच आपल्या मालिकेवर बोलतात, आणि ते संवाद मूळ कादंबऱ्यांच्या लेखकाने, निसिओइसिनने लिहिले आहेत. ‘शिरोबाको’च्या डिस्कवर तर मालिकेतल्या स्टुडिओने काढलेल्या काल्पनिक मालिकेचा पहिला भाग खरोखर बनवून दिला आहे. असे असते तेव्हा सात हजार येन देणाऱ्याला हसू नये.

चित्राच्या स्वच्छतेबद्दल एक सावधगिरी. सेल नावाच्या पारदर्शक पत्र्यांवर रंगवून फिल्मवर टिपलेली जुनी मालिका पुन्हा स्कॅन केली की ब्लू-रेवर खुलते. पण २००० नंतरच्या काही वर्षांत संगणकावर, त्या काळच्या टीव्हीपुरत्याच बारकाव्यात बनलेल्या मालिका आहेत. त्यांच्यात दडलेला बारकावा नाहीच, तर बाहेर कुठून येणार? त्या नुसत्या ताणून मोठ्या करतात आणि पेटीवर सोनेरी अक्षरांत ‘नवीन मास्टर’ असे छापतात. २००७ मध्ये अमेरिकेत फनिमेशनने ‘ड्रॅगन बॉल झी’चे नारिंगी संच काढले, तेव्हा नव्या रुंद टीव्हीला शोभावे म्हणून जवळजवळ चौकोनी चित्र वरून-खालून कापले. नायक गोकूचे केस हीच ज्या मालिकेची ओळख, तिथे कात्री नेमकी केसांवर चालली. दोन वर्षांनी त्याच कंपनीने ‘ड्रॅगन बॉक्स’ काढून चित्र पूर्ण उंचीचे दिले. ज्यांनी नारिंगी संच घेतले होते त्यांतल्या अनेकांनी तेही घेतले. व्यापार म्हणतात तो असा.

आणि परीक्षा पाहणारा एक प्रकार. २००९ साली ‘सुझुमिया हारुही’च्या नव्या भागांत ‘एंडलेस एट’ हे प्रकरण आले. उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दोन आठवडे पुन्हा पुन्हा घडतात, एकूण १५,५३२ वेळा. क्योटो अ‍ॅनिमेशनने सौजन्य दाखवून त्यातल्या आठच फेऱ्या दाखवल्या. तीच पोहण्याची टाकी, तोच बोन उत्सव, तेच फटाके. मात्र दर वेळी चित्रे नव्याने काढलेली, आवाज नव्याने दिलेले, कपडे बदललेले. टीव्हीवर लोक आठ आठवडे वैतागले. डिस्कवर, खंडाला दोन भाग या हिशेबाने, त्याचे चार खंड झाले. चारही खंड पूर्ण भावाने घेणारे लोक जपानमध्ये होते. मला त्यांच्याबद्दल नितांत आदर आहे.

धडा चौथा : मालिका बघणे

हा धडा ऐच्छिक आहे.

धडा पाचवा : अमेरिकी आडवाट

जपानी पेटीत बहुधा इंग्रजी उपशीर्षके नसतात. जपानी येत नसेल तर दोन मार्ग. पेटी न उघडणे हा पहिला, तो वर सुचवलाच आहे. दुसरा, अमेरिकी आवृत्ती घेणे.

अमेरिकेत माल स्वस्त, पण युक्त्या त्यांच्याकडेही कमी नाहीत. डीव्हीडीच्या काळात एका डिस्कवर चार-पाच भाग देत आणि पहिल्या डिस्कसोबत अख्ख्या मालिकेला पुरेल एवढी सुबक पेटी देत. म्हणजे एक डिस्क, बाकी पोकळी. ती पोकळी शेल्फवरून रोज आपल्याकडे बघते. पुढचे खंड घेण्यासाठी वेगळ्या जाहिरातीची गरज पडत नाही. २००७ च्या सप्टेंबरात जेनिऑन कंपनीने अमेरिकेतला वितरणाचा गाशा गुंडाळला तेव्हा कित्येक मालिका अर्ध्यावर राहिल्या आणि कित्येक पेट्यांतली पोकळी तशीच राहिली. काही हक्क पुढे फनिमेशनने उचलले, मालिका पुन्हा निघाल्या, पण वेगळ्या आकाराच्या डब्यांत. जुन्या पेटीत त्या बसल्या नाहीत.

ब्लू-रे आल्यावर वेगळीच पंचाईत झाली. डीव्हीडीत जपान २ क्रमांकाच्या विभागात आणि अमेरिका १ मध्ये, त्यामुळे इकडची डिस्क तिकडे चालत नसे. ब्लू-रेत दोघेही ‘ए’ विभागात आले. झाले! अमेरिकेत पूर्ण मालिका ज्या पैशांत मिळते तेवढ्यात टोकियोत एखाददुसरा खंड येतो, हे जपानी गिऱ्हाइकाच्या लक्षात येणार. म्हणून मग कोणी अमेरिकी आवृत्ती उशिरा काढायला लावली, तर कोणी जपानी आवाज लावल्यावर इंग्रजी उपशीर्षके बंदच होऊ नयेत अशी सोय केली. अ‍ॅनिप्लेक्सच्या अमेरिकी शाखेने सरळ जपानी भाव अमेरिकेत नेला; ‘कारा नो क्योकाई’ची आयात पेटी २०११ मध्ये जवळपास ४०० डॉलरला होती. समानता अशीही आणता येते.

या वाटणीत आपण कुठे? भारत ‘सी’ विभागात, चीन आणि रशियाच्या पंगतीला. ‘सी’ विभागासाठी अ‍ॅनिमेची कलेक्टर्स एडिशन काढण्याचे कोणाच्या स्वप्नातही येत नाही. परिणामी ठाण्यातल्या किंवा सांगलीतल्या संग्राहकाने जपानी पेटी घ्या नाहीतर अमेरिकी, भारतात विकलेला प्लेअर तिला बहुधा नकारच देतो. इथला प्लेस्टेशनही देतो. सर्व विभाग चालणारा प्लेअर बाहेरून मागवावा लागतो. ४के डिस्कना मात्र हा विभागांचा सोवळेपणा नाही, त्या कुठेही चालतात. पण मालिका त्या रूपात क्वचित निघतात, सिनेमेच जास्त. प्लेअर नसलेल्या घरात पाच पेट्या असणे यात लाजण्यासारखे काही नाही. देव्हाऱ्यातल्या पोथीचे पारायण दरवर्षी होतेच असे नाही.

धडा सहावा : पार्सल, पावसाळा आणि पाहुणे

पार्सल आले की आधी कोपरे तपासावेत. डिस्कला चरा पडला तर एक वेळ चालते, ती कोण लावणार आहे. खोक्याचा कोपरा दबला तर तो आयुष्यभर दिसतो. सीमाशुल्क भरावे लागते तेव्हा ‘आत काय आहे?’ या प्रश्नाला ‘व्यंगचित्रे’ असे उत्तर देऊ नये, कारण पुढचा प्रश्न ‘एवढ्याची?’ असा असतो.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर जून ते सप्टेंबर हा शत्रुपक्षाचा काळ. या पेट्या मुळात कागदाच्या, आणि कागदाला बुरशी लागते, कसर लागते. सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळच्या वेळी बदलाव्यात. डांबराच्या गोळ्या ठेवू नयेत. तो वास पुठ्ठ्यात मुरला की पुस्तिका उघडताना आजीच्या ट्रंकेत डोकावल्यासारखे होते. बाहेरच्या भिंतीला टेकून शेल्फ ठेवू नये. आणि घरात लहान मुले येणार असतील तर सदाशिव पेठी शैलीत पाटी लावावी : ‘पेटीस हात लावू नये. आत खाऊ नाही.’

शंकानिरसन

आई विचारते, हे सगळे मोबाइलवर दिसते ना, मग?

दिसते. जोवर दिसते तोवर. ‘इव्हँजेलियन’ २०१९ मध्ये नेटफ्लिक्सवर आली तेव्हा आपल्याकडे प्रत्येक भागाच्या शेवटी ‘फ्लाय मी टू द मून’ हे गाणे नव्हते, हक्कांचा मामला. जुन्या डिस्कवर ते आहे आणि तिथून ते कोणी काढून नेऊ शकत नाही. फनिमेशनची गोष्ट तर आईला जरूर सांगावी. त्यांच्या पेट्यांत एक चिठोरे असायचे, त्यावरचा कोड टाकला की मालिकेची डिजिटल प्रत तुमच्या खात्यात कायमची जमा. सोनीच्या या कंपनीने २०२१ मध्ये क्रंचीरोल ही प्रतिस्पर्धी सेवा विकत घेतली, दोन्ही दुकाने हळूहळू एक झाली, आणि २ एप्रिल २०२४ ला फनिमेशनची सेवा बंद पडली. वर्गणीदार क्रंचीरोलकडे गेले. डिजिटल प्रती गेल्या नाहीत. त्या नाहीशाच झाल्या. कोड वापरणारा आणि चिठोरे जपून ठेवणारा, दोघांच्या हाती अखेर बारा सेंटिमीटर व्यासाची डिस्क राहिली. एवढे ऐकून आई म्हणेल, मग लावून बघ तरी. अशा वेळी विषय बदलावा.

डिस्क बनणे बंद होणार आहे का?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने कोऱ्या ब्लू-रे बनवणे थांबवले, ही बातमी खरी. छापील डिस्क हा वेगळा कारखाना, वेगळा धंदा. पण ही बातमी कोणाला दुरुस्त करून सांगू नये. घाबरलेल्या माणसाला प्री-ऑर्डरचे समर्थन आयते मिळते.

सगळे खंड जमल्यावर कंपनीने सर्व भागांची एकच बॉक्स निम्म्या भावात काढली, तर काय करावे?

काढणारच. मध्ये दोन-तीन वर्षे जाऊ देतात, हा त्यांचा सभ्यपणा. नव्या बॉक्समध्ये जुन्या पुस्तिका नसतील, कार्यक्रमाचा अर्ज नसेल, नाटकाची सीडी नसेल. चित्र आणि आवाज तेच असतील. मात्र बाहेरच्या खोक्यावर मूळ पात्ररचनाकाराने नव्याने काढलेले चित्र असते आणि ते पहिल्या छपाईपुरतेच. कोणत्या दुकानात सोबत काय देतात, ते आधी पाहून घ्यावे.